बीएफ बरोबर भरतो, तरी खोकी का बसतात? रद्दीच्या कागदाची आतली गोष्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निफाडजवळ तुमचं कोरुगेशनचं छोटं युनिट आहे आणि तुम्ही द्राक्षाची पाच-प्लाय, म्हणजे पाच थरांची, खोकी बनवता. कागद वापीहून येतो, रद्दीपासून बनवलेला, १५० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), २२ बीएफ (बर्स्ट फॅक्टर, म्हणजे फुटेपर्यंत कागद किती दाब सोसतो त्याचा आकडा). बाहेर तपासून घेतला तरी बीएफ २२ भरतो. पण शीतगृहात थप्पीतली खालची खोकी आठवड्याभरात बसतात, बाजूंना पोट सुटतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘रद्दीचा कागद, दुसरं काय होणार!’ म्हणून तुम्ही विचारलंत की हा कागद मुळात बनतो कसा, आणि मिल तुम्हाला फसवते आहे का.

मी २५ वर्षं क्राफ्टच्या, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदाच्या, मिलमध्ये काढली, त्यातली बरीचशी मशीनवर. तेव्हा आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मिलने तुम्हाला २२ बीएफ विकला आणि २२ बीएफच दिला, तर कागदोपत्री फसवणूक नाही. चूक तुम्ही मागितलेल्या आकड्यात आहे. बीएफ हा आकडा कागदात ‘भरता’ येतो. तो कसा भरतात हे कळायला कागद कसा बनतो ते नीट बघावं लागेल, म्हणून जरा लांबण लावतो.

सुरुवात यार्डातून. कागदाचं निम्मं भवितव्य तिथेच ठरतं. भंगारवाला, त्याच्यावरचा गोदामवाला, मग गठ्ठे बांधणारा, असं करत देशी रद्दी मिलमध्ये येते. तिच्यात किराणा दुकानातली खोकी, मिठाईचे डबे, औषधांची पाकिटं, जुन्या वह्या असं सगळं असतं. तिच्यातला धागा आधीच दोन-चार वेळा कागद होऊन आलेला. दुसरीकडे परदेशी गठ्ठे. त्यात आम्हाला सगळ्यात प्रिय अमेरिकेची जुनी खोकी, कारण तिथल्या खोक्यांच्या लायनरमध्ये, म्हणजे सपाट कागदाच्या थरात, पाइन लाकडाचा ताजा लांब धागा पुष्कळ असतो, सुमारे ३ मिलिमीटरचा. उसाच्या चिपाडाचा किंवा निलगिरीसारख्या झाडाचा धागा जेमतेम एक मिलिमीटर. लांब धाग्याला शेजारचे जास्त धागे धरता येतात, म्हणून कागद फुटत-फाटत नाही. मिलमध्ये रोज सकाळी ठरणारी सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे पल्परमध्ये किती गठ्ठे परदेशी आणि किती देशी. तुमचा २२ बीएफचा कागद फेब्रुवारीत एका मिश्रणाचा आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याच मिश्रणाचा असू शकतो. लेबल तेच राहतं.

आता धागा पुन्हा वापरला की नेमकं काय होतं? पुष्कळांना वाटतं, तो तुटून आखूड होतो. तेही होतं, पण मोठं नुकसान वाळण्यात आहे. झाडातून पहिल्यांदा काढलेला धागा म्हणजे पाण्याने फुगलेली मऊ नळी. कागद ड्रायरवर वाळला की नळी चपटी होते आणि तिच्या भिंती आतून चिकटतात. पुन्हा भिजवली तरी पूर्वीइतकी फुगत नाही. शिळी भाकरी पाण्यात घातली तर ओली होते, पण ताजी होत नाही, तसंच. याला हॉर्निफिकेशन म्हणतात, म्हणजे शिंगासारखं ताठ होणं. ताठ धागा शेजाऱ्याला नीट बिलगत नाही, आणि कागदाची ताकद म्हणजे शेवटी हे बिलगणंच. पाच-सात फेऱ्यांनंतर त्या धाग्यात फारसा जीव राहत नाही, त्याचा चुरा होऊन तो पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून रद्दीच्या चक्रात कुठून तरी ताजा धागा येत राहावाच लागतो. आपल्याकडे तो बराचसा परदेशी गठ्ठ्यांतून येतो.

पुढचा टप्पा पल्पर. अवाढव्य मिक्सर समजा. पाणी, रद्दी, खाली फिरणारा रोटर. पंधरा-वीस मिनिटांत लगदा होतो, शंभर किलोत चारेक किलो धागा आणि बाकी पाणी. (जास्त घट्ट चालणारे पल्परही असतात.) रद्दीबरोबर आलेली सुतळी, तार, प्लॅस्टिकच्या पट्ट्या एका जाड दोराला गुंडाळत जातात आणि तो दोर हळूहळू वर ओढला जातो. आम्ही त्याला रॅगर म्हणतो. नव्या माणसाला तो दाखवला की आधी शहारतो, कारण पल्परमधून मगरीची शेपटी निघावी तसा तो दिसतो.

त्यानंतर सफाई. वाळू, काच, पिना जड असतात, त्या क्लीनरमध्ये गोल फिरवून खाली पाडायच्या. प्लॅस्टिक, थर्माकोल मोठं असतं, ते आधी भोकांच्या आणि मग पाव मिलिमीटर फटीच्या चाळणीवर अडवायचं. न जड न मोठं असं एकच उरतं, चिकटा. सेलोटेपचा गोंद, लेबलचा गोंद, खोकी बंद करायचा गरम गोंद. हा चाळणीतून लांब होऊन निसटतो आणि पुढे ड्रायरच्या कापडावर बसतो. तुमच्या रीळमध्ये मधेच काळपट चकचकीत ठिपका आणि शेजारी भोक दिसतं ना, ते हेच. माझ्या रात्रपाळीतले निम्मे पेपर-ब्रेक, म्हणजे मशीनवर कागद तुटणं, या चिकट्यानेच केले असतील.

स्वच्छ लगद्याला रिफायनरमध्ये, म्हणजे दोन दातेरी तबकड्यांमध्ये घासतात. शिंगासारख्या झालेल्या धाग्याला पुन्हा केस फुटावेत म्हणून. घासलं की धागे जास्त बिलगतात, बीएफ वाढतो. पण जास्त घासलं तर धागा कापला जातो, चुरा वाढतो, आणि ज्या जाळीवर कागद बनतो तिच्यावरून पाणी लवकर निथळत नाही. मग मशीन सावकाश चालवावं लागतं. मशीन सावकाश म्हणजे दिवसाचे टन कमी, आणि मालकाचा फोन. रिफायनर किती अँपिअरवर ठेवायचा हा निर्णय मी कायम एका हाताने बीएफकडे आणि दुसऱ्या हाताने टनांकडे बघत घेतला.

मशीनच्या तोंडाशी, हेडबॉक्समध्ये, लगदा इतका पातळ करतात की शंभर लिटरमध्ये एक किलोही धागा नसतो. एक किलो कागदामागे सव्वाशे लिटर पाणी जाळीवरून जातं. अर्थात तेच पाणी फिरून-फिरून वापरलं जातं, त्याला बॅक वॉटर म्हणतात. जाळीवर पाणी निथळतं, प्रेसमध्ये पिळलं जातं, आणि तरीही प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या कागदात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते वाफेच्या ड्रायरवर उडवायचं. कोळशाचा खर्च तिथे.

मशीनवरच्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली, थर. बऱ्याच मिलमध्ये दोन-तीन जाळ्यांवर वेगवेगळा लगदा सोडून ओलेपणीच एकावर एक बसवतात. वरचा थर चांगल्या धाग्याचा आणि रंगवलेला, आतला हलक्या रद्दीचा. यात काही लबाडी नाही, ते शहाणपणाचं तंत्र आहे. पण ‘गोल्डन यलो दिसतोय म्हणजे कागद भारी’ असं जे आपल्याकडे समजतात ते मात्र चुकीचं. तो रंग आहे, बादलीतून येतो. कागदाचा तुकडा तासभर पाण्यात ठेवा आणि कोपऱ्यातून थर सोलून बघा, आत काय आहे ते तुम्हाला स्वतःला दिसेल.

दुसरी गोष्ट, दिशा. जाळी पळत असते, त्यामुळे धागे बहुतेक तिच्या धावण्याच्या दिशेने पडतात. नदीत काटक्या वाहत्या दिशेने होतात तसे. कागद लांबीच्या दिशेने ताठ आणि रुंदीच्या दिशेने लेचापेचा होतो. आणि तुमच्या खोक्यात फ्लूट, म्हणजे आतला पन्हळी थर, उभी असते, म्हणजे थप्पीचं वजन कागदाच्या नेमक्या त्या लेच्यापेच्या रुंदीवर येतं! मशीन जोरात ओढून चालवलं की हा फरक वाढतो. बीएफच्या चाचणीत रबराचा पडदा फुगवून कागद फोडतात. त्यातून रुंदीच्या दिशेने उभा दाबल्यावर कागद किती टिकेल, हे कळत नाही.

आता स्टार्च, म्हणजे ‘भरण्या’ची गोष्ट. कागद वाळत आला की साइज प्रेसमध्ये त्याला मक्याच्या शिजवलेल्या स्टार्चमधून काढतात. टनाला ४०-५० किलो स्टार्च कागद पितो. स्टार्च धाग्यांच्या सांध्यांत बसून त्यांना जखडतो. आखूड, थकलेल्या धाग्याच्या कागदालाही त्यामुळे बीएफ मिळतो, ताठपणाही मिळतो. स्टार्चला नावं ठेवायचं कारण नाही, त्याच्याशिवाय आज रद्दीचा चांगला कागद बनतच नाही. पण किती बीएफ धाग्याचा आणि किती स्टार्चचा, हे टेस्ट रिपोर्टवर लिहिलेलं नसतं.

हे मी स्वतः करून बसलोय म्हणून सांगतो. एका पावसाळ्यात आमच्या रद्दीच्या शेडचं छप्पर गळलं. दोन-तीन आठवडे गठ्ठे भिजत पडले, आतून गरम झाले, फोडले की वाफ आणि आंबूस वास. त्या रद्दीवर २० बीएफचा कागद १६ वर आला. ऑर्डर द्यायची होती. मी स्टार्च वाढवला, रिफायनर आवळला, आणि लॅबमध्ये २० भरला. रिपोर्टवर सही माझीच. तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाने खोक्यांचे फोटो पाठवले, ओल्या पोत्यासारखी एकमेकांवर बसलेली. त्याने आमचा कागद पुन्हा तपासून घेतला तर बीएफ बरोबर! माल बदलून दिला, पण तेव्हापासून मी बीएफ एकट्याचा रिपोर्ट मानत नाही.

मग बीएफ एवढा रुजला कसा? अमेरिकेत रेल्वेने माल पाठवायचा तर खोका इतक्या बर्स्टचा हवा असा जुना नियम होता. खुद्द तिथेच १९९१ मध्ये त्याऐवजी एज क्रश, म्हणजे उभ्या काठावर दाबून मोजलेली ताकद, चालेल असं मान्य झालं. थप्पीत खोका किती वजन झेलेल याचं मॅकी यांचं १९६३ चं सूत्र आजही सगळे वापरतात. त्यात एज क्रश आहे, बोर्डाची (चिकटवलेल्या पुठ्ठ्याची) जाडी आहे, खोक्याचा घेर आहे. बर्स्टचा पत्ताच नाही. म्हणजे माल आतून टोचून खोका फुटू नये यासाठी बर्स्ट ठीक, पण थप्पीसाठी कागदाची आरसीटी, म्हणजे रिंग क्रश (पट्टीचं कडं करून उभं दाबल्यावर कागद किती झेलतो), विचारायला हवी. तीही रुंदीच्या दिशेची.

आता तुमच्या शीतगृहाकडे येऊ. द्राक्ष शून्याच्या आसपास आणि ९०-९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात, नाहीतर देठ सुकतात. आपल्याकडे कागद तपासतात तो २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला. मधल्या फरकात काय होतं त्याचा हिशेब करू. समजा तुमचा खोका लॅबमध्ये २५० किलो झेलतो. ९० टक्के आर्द्रतेत कागद हवेतलं पाणी पितो आणि ताकद निम्मी होते: १२५. सतत भाराखाली दहा दिवस ठेवला की त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त जातो: ८० च्या आत. खोकी कोपऱ्याला कोपरा न जुळवता रचली असतील, तर आणखी तिसरा हिस्सा: पन्नासेक. दहा खोक्यांच्या थप्पीत, एक भरलेला खोका ६ किलो धरला, तर सगळ्यात खालच्यावर वरच्या नऊंचे ५४ किलो आहेत. खोका बसणारच. यात कुठेही कोणी तुम्हाला फसवलेलं नाही.

हे फक्त रद्दीच्या कागदाला लागू आहे असं नाही, कुठलाही कागद ओलाव्यात मऊ पडतो. पण आखूड धागा आणि भरपूर स्टार्च असलेला कागद ओलाव्यात जास्त लवकर हार मानतो, असा माझा अनुभव आहे. आणि आर्द्रता स्थिर असण्यापेक्षा वर-खाली होत राहिली तर नुकसान अधिक. गाडी भरताना दार तासन् तास उघडं राहतं ना? थंड खोक्यावर बाहेरच्या हवेचं दव धरतं, पुन्हा आत जातं, पुन्हा बाहेर. एकदा त्या दारापाशी उभं राहून बघा.

म्हणून रद्दीला दोष देण्याआधी स्वतःच्या शेडमध्येही डोकावा. फ्लूट रोलरमध्ये चेपली जात असेल तर बोर्डाची जाडी गेली, आणि सूत्रात जाडी आहे. छपाईच्या दाबाखालीही ती चेपते. चिकटवायला साधी खळ वापरत असाल तर ९० टक्के आर्द्रतेत प्लाय सुटतात, मग पाच-प्लाय नावापुरती. पाणी न धरणारी खळ थोडी महाग पडते, पण द्राक्षासाठी तीच हवी. हवेची भोकं कोपऱ्याजवळ पाडली असतील तर ती सरकवा, खोक्याचं निम्म्याहून जास्त वजन कोपरे वाहतात. बसलेलं एक खोकं फाडून बघितलंत तर प्लाय कागदामुळे सुटली की खळीमुळे, ते लगेच दिसेल.

व्हर्जिन क्राफ्ट, म्हणजे ताज्या लाकडाच्या धाग्याचा कागद, घ्यावा का? ‘क्राफ्ट’ हा जर्मन शब्द, अर्थ ताकद. कार्ल दाल यांनी १८७९ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या डान्झिगला लाकूड शिजवायची जी रीत काढली तिच्या कागदाला हे नाव पडलं. आपण ज्याला क्राफ्ट म्हणतो तो रद्दीचा कागद युरोपात टेस्टलायनर म्हणून विकला जातो, तिकडे नावातच फरक ठेवलाय. निर्यातीचं द्राक्ष जहाजात कित्येक दिवस आर्द्रतेत राहतं, तिथे निदान बाहेरचा लायनर व्हर्जिन घ्या असंच मी सांगेन. पण टोमॅटो दोन दिवसांत बाजारात पोचून खोकं फेकलं जातं, त्याला व्हर्जिन म्हणजे उधळपट्टी. मधल्या मालाला, तुमच्यासारख्या शीतगृहातल्या देशी द्राक्षाला, बाहेर चांगला लायनर आणि आत चांगल्या आरसीटीची रद्दीची फ्लूट ही जोडणी बहुतेक वेळा पुरते. किती दिवस ठेवणार आणि किती उंच रचणार, यावर ते ठरेल.

मिलकडे काय मागायचं तर जीएसएम आणि बीएफच्या जोडीला रुंदीच्या दिशेची आरसीटी, कॉब आणि ओलावा. कॉब म्हणजे एक मिनिटात कागदाचा चौरस मीटर किती ग्रॅम पाणी पितो. साइझिंग (पाणी लवकर शोषू नये म्हणून केलेली प्रक्रिया) नीट नसेल तर हा आकडा शंभराच्या पुढे जातो. अशा कामाला मी ३०-३५ च्या आत मागायचो. ओलावा ७-८ टक्के ठीक. दहा टक्के निघाला तर दहा टनांच्या गाडीत दोन-अडीचशे किलो पाणी तुम्ही कागदाच्या भावाने घेतलंत, आणि जीएसएमही त्या पाण्यासकट भरला. पावसाळ्यात पेठच्या रस्त्याने गाडी आली आणि ताडपत्री फाटकी असली, तर रीळची बाहेरची काही फेरं काढून मगच नमुना घ्या, नाहीतर मिलशी उगाच भांडण व्हायचं.

मिल आधी कुरकुर करेल, आरसीटी दिली तर दर वाढेल म्हणेल. वाढू द्या थोडा, पण मग बीएफ २२ चा हट्ट सोडून २० वर या. तुमच्या थप्पीला त्याने फरक पडणार नाही आणि मिलला स्टार्च-रिफायनरची ओढाताण कमी पडेल. मी मशीनवर असताना असं मागणारं गिऱ्हाईक आलं की उलट बरं वाटायचं.

पुढची गाडी आली की तीन वेगळ्या रीळमधून, रुंदीच्या दोन्ही काठांचे आणि मधला असे तुकडे काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि मुंबईला अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये तपासायला द्या. सोबत एक तयार खोकंही द्या, न भरलेलं. आरसीटी, कॉब आणि खोक्याची दाबाची ताकद हे तीन आकडे आले की इथे लिहा. थप्पी किती उंच रचायची ते त्यावरून काढून देतो.